मिस्सा कुणाकडून?

पास्कल,

येत्या शनिवारी तुला जाऊन महिना होतो. संध्याकाळी सहाची मिस्सा तुझ्यासाठी आहे. आठवड्याच्या मिस्सांचा कागद अजून मीच लिहितो. शाळेतून निवृत्त झाल्यावर चर्चच्या ऑफिसात संध्याकाळी दोन तास बसायचं आणि कुणासाठी कुणी मिस्सा मागितली ते टिपून ठेवायचं, हे काम मी मागून घेतलं होतं. तू चिडवायचास, "सर, पेन हातात नसलं की तुमचा हात कुठं ठेवावा ते तुम्हाला कळत नाही."

मिस्सा सुरू करण्याआधी फादर तो कागद वाचतात. अमक्याच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून, पत्नी आणि मुलांकडून. तमकीच्या पुण्यतिथीनिमित्त, सून आणि नातवंडांकडून. दहाबारा शब्दांची ओळ असते. गेलेला माणूस देवाला ठाऊक असतोच; ती ओळ मागे राहिलेल्यांसाठी असते. भरल्या चर्चमध्ये एकदा मोठ्यानं सांगितलं जातं की गेलेलं माणूस यांचं होतं.

काल, मंगळवारी, शशी ऑफिसात आला. गोदामातून थेट आला होता, ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. दारात चपला काढू लागला. मी म्हटलं, इथे काढत नाहीत. तरी त्यानं काढल्या.

"सर, पास्कलची मिस्सा लिवायची हाय. महिन्याची."

मी तुझं नाव लिहिलं. पुढचा रकाना 'कुणाकडून' असा आहे. पेन तिथे टेकवून मी थांबलो.

"काय लिवतात तिथं?" त्यानं विचारलं.

"देणाऱ्याचं नाव. आणि नातं."

त्यानं वाकून तो रकाना पाहिला. मग म्हणाला, "तुमी मास्तर हाव. तुमीच बघा काय बसतं त्यात. न्हाय बसलं तर राहू द्या."

"बघतो," मी म्हटलं. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

आज बुधवार. ओळ रिकामी आहे. तुला लिहायला बसलो आहे तो तिच्यापायीच. तुझं आणि शशीचं माझ्या हातून जे जे राहिलं, ते असंच, 'बघतो' म्हणून राहिलं.

तू मिस्सेत बायबल वाचायला उभा राहिलास की मागे खोकणारी माणसंसुद्धा थांबायची. आवाज काही फार मोठा नव्हता तुझा. पण लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून वीस-बावीस वर्षं तू त्या खडखडाटात काढलीस, आणि तिथली माणसं कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. तुझ्या ओठांवर शब्द आधी पुरता तयार व्हायचा, मग बाहेर यायचा. माझ्या बायकोला, तुझ्या आंटीला, डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही आणि उजव्यानं थोडंसं. ती म्हणायची, "बाकीचे वाचतात तेव्हा मी पुस्तकात बघते. पास्कल वाचतो तेव्हा मी पास्कलकडे बघते." तुला हे सांगितलं तेव्हा तू लाजलास आणि म्हणालास, "आंटी, आमच्या लूमवर या. तिथं सगळे तुमच्यासारखेच बहिरे आहेत. मजा येईल." तिनं महिनाभर ते येईल त्याला सांगितलं.

आठवीत धडा वाचायला उभं केलं तरी तू असाच वाचायचास, समोरच्याला पोचतंय की नाही ते बघत बघत. बाकीची मुलं धडा संपवायची. चर्चमध्ये वाचक म्हणून तुझं नाव मीच सुचवलं होतं. त्याचा मला अभिमान होता, आणि आज त्याच गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटते.

वाचन करून तू जागेवर यायचास. पुढे कम्युनियनची रांग सुरू झाली की गुडघे एका बाजूला वळवून बाकावरच्या लोकांना वाट करून द्यायचास आणि स्वतः तिथेच बसून राहायचास. वर्षानुवर्षं. ख्रिस्ताचा शब्द आम्हाला वाचून दाखवणारा माणूस ख्रिस्तशरीर घ्यायला उठत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. विचारत कुणी नव्हतं. मीही नाही. तूच एकदा चर्चच्या मागे सायकलींपाशी उभा असताना सांगितलंस.

"कन्फेशनला गेलो होतो, सर. सगळं सांगितलं. फादर फार चांगले होते हो, शिव्या घालणारे असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बेटा, पुन्हा असं करणार नाहीस असं मनापासून सांग, मी क्षमा उच्चारतो. मी म्हटलं, फादर, काय करणार नाही ते नीट सांगा. घरी जाणार नाही असं वचन देऊ? त्यांचेच डोळे भरून आले. मग मीच म्हटलं, जाऊ दे फादर, खोटं बोलून घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं."

मी म्हणालो, "बरोबर केलंस." म्हणजे, खोटं बोलला नाहीस ते बरोबर केलंस, असं मला म्हणायचं होतं. तुला काय ऐकू आलं असेल, याचा विचार मी घरी पोचल्यावर केला.

ईस्टरनंतर फादर घरोघर आशीर्वाद द्यायला जातात. टेमघरची घरं माझ्याकडे होती. पवित्र पाण्याची बाटली घेऊन मी पुढे, मागे फादर, त्यांच्यामागे पॅरिश कौन्सिलचं कुणीतरी. तू आणि शशी एकत्र राहायला लागलात, त्या पहिल्या वर्षी आदल्या दिवशी तुझा फोन आला.

"सर, शशी घरात असला तर चालेल ना?"

"या वेळी नको," मी म्हटलं. "उगाच फादरांना अवघड होईल."

'या वेळी' असं मी म्हणालो होतो. पुढच्या वर्षी तू विचारलंच नाहीस. आम्ही जिन्याकडे वळायचो तेव्हा शशी खाली चहाच्या टपरीवर उभा असायचा. मला बघून मान हलवायचा, मीही हलवायचो. वर तू दार उघडून तयार. टेबलावर मेणबत्ती, क्रूस, धुतलेला टेबलक्लॉथ. फादर बाहेरच्या खोलीत पाणी शिंपडायचे, मग स्वयंपाकघरात, मग आतल्या खोलीत. आतल्या खोलीत ते जरा भरभर शिंपडायचे. या घरात राहणाऱ्या सर्वांवर देवाची कृपा असो, असं म्हणून प्रार्थना संपायची. तू मोठ्यानं 'आमेन' म्हणायचास. उतरताना मी बघायचो, शशीचा चहा कधीच संपलेला असायचा, रिकामा ग्लास नुसता हातात. असं नऊ-दहा वर्षं चाललं. आम्ही एका घराला आशीर्वाद देत होतो, आणि त्यातलं अर्धं घर मी खाली उभं करून ठेवलं होतं.

मग त्या वर्षी शशी गोदामात शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. तीन मजले उतरून चहाला जाणार कसा? आम्ही आलो तेव्हा तो खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. फादरांना बघून उठायची धडपड करू लागला.

"बसा, बसा," फादर म्हणाले, आणि सवयीनं त्याच्यावरही पाणी शिंपडलं. शशीनं हात जोडले. त्याच्या भुवईवर एक थेंब राहिला होता, तो त्यानं पुसला नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता.

पण त्या वर्षी आमच्याबरोबर कौन्सिलच्या फ्लोरा आंटी होत्या. जिना उतरतानाच त्यांनी मला गाठलं.

"सर, माणसं दोन आणि पलंग एकच?"

"जागा लहान आहे," मी म्हटलं.

"जागा लहान आहे होय! भिंतीवर दोघांचा फोटो लावायला बरी जागा मिळाली. मी कुणाचं वाईट बोलत नाही हां सर. आपल्या घरात कुणी काय करायचं ते करावं. पण वेदीवर उभं राहून वाचायचं म्हणजे काही आहे की नाही?"

आठवड्याभरात फादरांनी मला बोलावलं. त्यांना ते बोलणं जड जात होतं, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगीन. म्हणाले, "सर, काही महिने पास्कलला वाचन देऊ नका. नंतर बघू. तुम्ही त्याचे शिक्षक. तुम्ही नीट समजावून सांगा त्याला."

मी समजावून सांगितलं नाही. वाचकांची यादीही मीच करायचो; पुढच्या महिन्याच्या यादीत तुझं नाव लिहिलं नाही, एवढंच केलं.

रविवारी मिस्सेनंतर तू नोटीस बोर्डापाशी उभा होतास. यादी वरून खाली वाचलीस, पुन्हा वरून खाली वाचलीस.

"सर, माझं नाव?"

"अरे," मी म्हटलं, "उतरवताना राहिलं वाटतं. पुढच्या महिन्यात घालतो."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. "राहतं कधी कधी," म्हणालास, आणि आंटीची पिशवी उचलून तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलास. त्यानंतर पुन्हा तू कधी विचारलं नाहीस. घरी आंटीनं विचारलं, "पास्कल का नाही वाचणार?" तिलाही मी तेच सांगितलं. पुढच्या रविवारपासून ती पुस्तकात बघू लागली.

तरी तू येत राहिलास. हे मला आजही पुरतं समजत नाही. तुझ्या जागी मी असतो तर आलो नसतो.

त्याच वर्षी नाताळच्या आधी रोमहून आशीर्वादाबद्दलचं ते पत्र आलं. तू ते मोबाईलवर सगळं वाचलंस, पुन्हा पुन्हा. जानेवारीत आपण चौघं अकलोलीला गेलो होतो, आंटीच्या गुडघ्यांसाठी. शशीनं मित्राची गाडी आणली होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट त्यानंच केली होती. गरम पाण्याच्या कुंडाच्या पायरीवर आपण पाय सोडून बसलो. आंटी बायकांच्या बाजूला गेली, शशी गाडी सावलीत लावायला गेला, आणि तू विषय काढलास.

"सर, आता आशीर्वाद मिळतो म्हणे आमच्यासारख्यांना. दोघांना एकत्र. फक्त लग्नासारखं दिसता कामा नये. छोटासा, उभ्या उभ्या."

"हो, वाचलं मी. पण शिकवण बदललेली नाही, पास्कल. हे समजून घ्यायला हवं."

"शिकवण काय आहे ती सांगा ना. तुम्ही सांगितलेलं मला नेहमी समजतं."

मी खरोखरच सांगायला लागलो. मास्तर ना मी. तसं असणं हे पाप नाही असं चर्च मानतं. अशा माणसांना आदरानं, करुणेनं वागवा, त्यांना अन्यायानं वेगळं पाडू नका असं सांगतं. मात्र शरीराचं नातं फक्त लग्नातलं, आणि लग्न स्त्री-पुरुषाचं; म्हणून अशा माणसांनी संयमानं राहावं. माणूस वेगळा आणि कृत्य वेगळं, असा तो भेद आहे.

तू पाण्यात पाय हलवत ऐकत होतास. मग म्हणालास, "म्हणजे लूम बसवा, वीज जोडा, तेल घाला. चालवू मात्र नका."

मी हसलो. तूही हसलास. पण थांबला नाहीस.

"सर, मला गेल्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा शशी चार रात्री झोपला नाही. माझ्या उलटीचं घमेलं त्यानं धुतलं. त्यातलं माणूस कुठलं आणि कृत्य कुठलं, ते वेगळं काढून दाखवा मला. तुम्ही आदर म्हणता. आदरानं वागवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी सांगतच नाही. संयम म्हणजे काय ते मात्र सगळ्यांना पाठ असतं."

"मग तू येतोस कशाला रे?" मी विचारलं. मला राग आला नव्हता, मला खरंच विचारायचं होतं.

"कुठं जाऊ? लूमवरची पोरं म्हणतात, छोड ना यार, तेरेको कौन पूछता है उधर. पण मला घाबरायला झालं की तोंडातून आपलीच प्रार्थना येते. दुसरी येतच नाही. चर्च सोडून गेलो तर शशी राहील माझ्यापाशी, पण ती प्रार्थना कुणापाशी करू?"

तो वाद तिथेच राहिला. मी तुला हरवलं नाही आणि तू जिंकलो म्हणाला नाहीस. पाय लालबुंद झाले होते आपले.

मग तू मुद्द्यावर आलास. "फादरांकडे जाईन म्हणतो, आशीर्वाद मागायला. तुम्ही बरोबर याल? तुम्ही असलात तर माझी जीभ वळेल. नव्या टेम्पोला मिळतो, दुकानाला मिळतो, आमच्या शेठच्या लूमला सुद्धा मिळाला. आम्ही दोघं लूमपेक्षा तर कमीच आवाज करतो."

"थांब थोडं," मी म्हटलं. "या फादरांची मे महिन्यात बदली आहे. नवे येऊ देत."

नवे आले. तू विचारलंस. मी म्हटलं, त्यांना रुळू दे. ते रुळले. मी म्हटलं, सणाची गडबड संपू दे. तू प्रत्येक वेळी "बरं सर" म्हणालास. आणि या नव्या फादरांनी आल्या आल्या वाचकांची यादी मागितली, तेव्हा मी त्यांना तुझ्या नावाशिवायचीच यादी दिली. पास्कल, हे मला तुला सांगायचं होतं. जुन्या फादरांनी 'काही महिने' सांगितलं होतं. त्यापुढचं कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझंच होतं. तुझं नाव पुन्हा घातलं तर कुणीतरी काहीतरी विचारील, आणि मला उत्तर द्यावं लागेल, एवढ्याच भीतीपोटी एक चांगला वाचक मी दीड वर्ष बाकावर बसवून ठेवला.

दफनाच्या दिवशी तुझी बहीण जेसिंता वसईहून आली होती, तिचा नवरा, मुलं. शशी चर्चच्या दाराशी उभा होता, ना आत ना बाहेर. मी त्याला पाहिलं. उठून त्याला आत आणावं असं मनात आलं, तेवढ्यात गायन सुरू झालं आणि मी गायनाच्या पुस्तकात तोंड घातलं. आंटी उठली. त्या गुडघ्यांनी चालत दारापर्यंत गेली आणि मिस्सा संपेपर्यंत त्याचा हात धरून तिथेच उभी राहिली. दफनभूमीत सगळ्यांनी मूठमूठ माती घातली. शशीनं सगळे पांगल्यावर घातली. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, 'बहीण जेसिंता आणि कुटुंबीयांकडून'. ती ओळ लिहायला मला अर्धं मिनिट लागलं होतं.

इथवर काल लिहिलं होतं. आज गुरुवार. सकाळी आंटीनं टेबलावरचा मिस्सांचा कागद पाहिला. तिला सगळं सांगितलं, यादीचंही. तिच्याशी बोलताना मोठ्यानं बोलावं लागतं; असल्या गोष्टी मोठ्यानं सांगणं सोपं नसतं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "यादीचं मला तेव्हाच कळलं होतं. मी बहिरी आहे, आंधळी नाही." मग थोड्या वेळानं, "आणि एक नाव लिहायला तीन दिवस? जा, फादरांकडे जा. विचारा आणि मोकळे व्हा."

फादर घराच्या व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते. मी कागद पुढे केला आणि सांगितलं की शनिवारच्या मिस्सेसाठी शशिकांत नावाच्या माणसाचं नाव आहे, पण तो आपला नाही, म्हणजे ख्रिस्ती नाही, आणि नात्याचा रकाना कसा भरावा कळत नाही.

"शशिकांत म्हणजे, दफनभूमीत शेवटी थांबले होते ते?"

"हो."

"ते पास्कलचे कोण?"

मी म्हटलं, "फादर, दोघं बारा वर्षं एका घरात राहत होते. नवरा-बायको राहतात तसे." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं. तुझ्यापाशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

फादरांनी पाण्याचा डबा खाली ठेवला.

"सर, चर्चनं लग्न म्हटलेलं नाही त्याला लग्न म्हणून मी वेदीवरून वाचणार नाही. ते मला जमायचं नाही. पण एका माणसानं आपल्या माणसासाठी मिस्सा मागितली आहे, त्याचं नाव का नाही वाचायचं? लिहा. मी वाचतो. स्पष्ट वाचतो."

मी निघायला हवं होतं. पण मी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटतं. "फादर, ते दोघं जिवंतपणी आशीर्वाद मागायला आले असते, तर?"

"दिला असता," ते लगेच म्हणाले. "चर्चमध्ये समारंभ नाही, अंगठ्या नाहीत. इथे, याच व्हरांड्यात. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून एक प्रार्थना म्हटली असती. तेवढी मोकळीक आहे आम्हाला आता. पण कुणी आलंच नाही, सर."

कुणी आलंच नाही. मी तिथून चर्चच्या फाटकापर्यंत कसा आलो, मला सांगता येणार नाही. पास्कल, तू किती वेळा आला होतास! माझ्यापर्यंत यायचास आणि मी तुला परत पाठवायचो. तुझ्या आणि त्या व्हरांड्याच्या मधे ना रोम होतं, ना कुठली शिकवण. मी होतो. मी आयुष्यभर समजत आलो की मी तुला सांभाळून घेतो आहे, लोकांपासून, फादरांपासून, तुझ्या स्वतःच्या उतावीळपणापासून. तू एकदा म्हणालाही होतास, "सर, सांभाळून घेतात म्हणजे झाकून ठेवतात." मी ते नुसतं वाक्य म्हणून ऐकलं. चांगलं बोललास असंही वाटलं होतं.

फाटकातून रिक्षा केली ती थेट टेमघरला. आज शशीची दुपारची शिफ्ट होती, निघण्याच्या तयारीत होता. मला बघून त्यानं डबा पुन्हा ओट्यावर ठेवला आणि चहा टाकला. तुझा चष्मा खिडकीत आहे. तुझ्या कपड्यांना त्यानं अजून हात लावलेला नाही.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की वाचकांच्या यादीतून तुझं नाव चुकून राहिलं नव्हतं. मी काढलं होतं, आणि तुझ्याशी खोटं बोललो होतो.

"म्हाईत हाय," शशी म्हणाला. दूध ओतत होता, मागे वळला नाही. "त्याच दिशी घरी येऊन बोलला. बोलला, शाळेत हजेरी घेताना सरांकडून कंदी एक नाव सुटलं न्हाय, आन् आज माझंच कसं सुटंल?"

"मग मला काही बोलला का नाही तो?"

"मी बोललो ना त्याला, जा, भांड त्यांच्याशी. तर बोलला, न्हाय रं. सरांना खोटं बोलता येत न्हाय, लय तरास झाला त्यांना. मी पुन्ना इचारलं तर पुन्ना बोलावं लागंल." शशीनं चहा गाळला. "तरी बी दर शनवारी वाचायचा. दुसऱ्या दिशी चर्चमधी जे असंल ते. मना तिथं दाराशी उभा करायचा आन् हितनं वाचायचा. बोलायचा, शश्या, मागपर्यंत येतंय का रं ऐकू? मना काय समजतंय त्यातलं! मी बोलायचो, येतंय, येतंय, लवकर आटप, भात करपतोय."

आम्ही दोघंही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि मीही.

दीड-दोन वर्षं, पास्कल. दर शनिवारी. उद्या कुणी तरी आजारी पडेल आणि सर आयत्या वेळी मला उभं करतील, असं वाटत होतं का तुला? की कुणासाठीच नव्हतं ते? शशीला विचारलं नाही. तुला विचारायची सोय मीच ठेवली नाही.

मी त्याला सांगितलं की फादर त्याचं नाव वाचणार आहेत. नातं काय लिहू, ते मात्र तूच सांग.

त्यानं हातातला ग्लास फिरवला. "नातं नका लिवू सर. त्या शब्दापायी कोण काय बोलंल, आन् त्याचा दिवस खराब होईल. माझं नाव लिवा. आन् घर लिवा. घर तर दोघांचंच हाय ना? त्याला कोण न्हाय बोलंल?"

तिथेच, ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. 'पास्कल यांच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून, टेमघर येथील त्यांच्या घरातून, शशिकांतकडून.' त्याला वाचून दाखवलं. त्यानं मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

ही ओळ तुझ्यासाठी लिहिली असं मी म्हणणार नाही. तुझ्यासाठी लिहायची होती ती वेळ गेली. तू असताना महिन्याला एक नाव लिहायचं होतं आणि कधीतरी एकदा तुझ्याबरोबर दहा पावलं चालायचं होतं. दोन्ही मला अवघड नव्हतं. तू मला माफ केलं होतंस हे आज कळलं, आणि ते कळल्यानं ओझं उतरेल असं वाटलं होतं, तसं झालेलं नाही. माफ करणाऱ्या माणसापुढे निदान एकदा मान खाली घालून उभं राहायला मिळावं लागतं.

मी निघालो तेव्हा शशी जिन्यापर्यंत आला.

"सर, शनवारी मी बसू कुठं?"

"पुढे. पहिल्या बाकावर. आंटी आणि मी असू तुझ्या बाजूला."

"किती वाजता येऊ?"

"पाच वाजता ये."

"मिस्सा सहाची हाय ना? तास आधी कशाला?"

"पहिला बाक लवकर भरतो," मी म्हटलं.

पास्कल, मी पुन्हा एकदा खोटं बोललो, लोक यायच्या आधी तो पुढे बसलेला असावा म्हणून. आपल्या चर्चमधला पहिला बाक आजपर्यंत कधीच भरलेला नाही.